ग्लासगोची बिऱ्हाडं

लेकीचं बाळंतपण करायला म्हणून मी २०२५ च्या मार्चमध्ये ग्लासगोला गेले. बॅगेत अळीव होते, डिंक होता, बाळंतशेप होती, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती. तिथे जाऊन घर शोधावं लागेल, आणि महिन्या-दीड महिन्याची नात छातीशी बांधून मी दुसऱ्यांची स्वयंपाकघरं बघत हिंडेन, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

लेकीचं बिऱ्हाड पार्टिक भागात. पत्ता लिहून घेताना मी पहिल्यांदाच अडखळले. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर आणि पुढे ‘२/१’. मला वाटलं, कशाची तरी तारीख चुकून लिहिली गेली. पण नाही, ग्लासगोत पत्ते असेच लिहितात. पहिला आकडा मजल्याचा, दुसरा त्या मजल्यावरच्या दाराचा. टॅक्सीवाल्यालाही हे सांगावं लागत नाही, तोच सामान उचलताना विचारतो, “किती जिने?” कारण लिफ्ट नाही. शंभर-सव्वाशे वर्षांच्या दगडी इमारती, तीन-चार मजल्यांच्या, एकीला एक चिकटून रस्ताभर उभ्या. त्यांना टेनेमेंट म्हणतात. कुठे लाल दगड, कुठे फिकट पिवळा. रस्त्यावरचं दार ढकललं की आत एक बोळवजा मार्ग आणि त्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक दगडी जिना. ह्या सामाईक भागाला ‘क्लोज’ म्हणायचं. काही इमारतींत क्लोजच्या भिंतींना हिरव्या, तपकिरी, मोतिया रंगांच्या चिनीमातीच्या फरश्या बसवलेल्या असतात. पूर्वी अशी फरशी असणं म्हणजे जरा वरच्या थरातली वस्ती, असं मानलं जाई. लेकीच्या क्लोजला होत्या. मी जिना चढता चढता त्यांच्यावरून हात फिरवून बघितला. दगडाच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आमच्या गिरगावच्या चाळीतल्या लाकडी पायऱ्या अशाच झिजलेल्या होत्या, म्हणून की काय, पाय आपोआप ओळखीचा पडला.

घर मोठं छान. उंच छत, रस्त्याच्या बाजूला पुढे आलेली तीन तावदानांची खिडकी, आणि स्वयंपाकघरात छताला टांगलेली पुली. चार लाकडी दांड्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कमानी, आणि दोरी ओढली की सगळं खाली येतं. कपडे पसरायचे, दोरी ओढून वर चढवायचे. आम्ही काठीनं वलणीवर लुगडी चढवत होतो, तसंच. फरक एवढाच की तिथे कपडे वाळायला दोन दिवस लागतात, आणि खाली फोडणी दिली की वाळलेल्या दुपट्याला हिंगाचा वास येतो.

फोडणीवरून आठवलं. धुराचा अलार्म वाजून अग्निशामक दल येतं, असं इथल्या मैत्रिणींनी मला इतकं भिववून सोडलं होतं की पहिले दोन दिवस मी जिरं थंड तेलात टाकत होते. पण स्कॉटलंडात फेब्रुवारी २०२२ पासून नियम असा आहे की दिवाणखान्यात आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म हवा आणि स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा, आणि ते सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. म्हणजे स्वयंपाकघरातला धुराला बिचकत नाही. दार उघडं टाकून मोहरी जाळलीत तर मात्र पॅसेजमधला ओरडतो आणि मग घरभर सगळेच ओरडतात. तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावायचं, वरचा पंखा चालू करायचा आणि खुशाल फोडणी करायची.

नात झाली मार्चच्या अखेरीला. सव्वा महिना व्हायच्या आत, एप्रिलच्या मध्यावर, एका सकाळी जावयाच्या फोनवर ई-मेल आली. घरमालक फ्लॅट विकायचा म्हणत होते. ‘नोटीस टू लीव्ह’ असंच त्या कागदाचं नाव. अठ्ठावीस दिवसांत जागा रिकामी करा.

जावई नुसताच बसून राहिला. लेक पाजत होती, तिनं वर बघितलं आणि विचारलं, “काय झालं?” तेव्हा त्यानं “काही नाही, ऑफिसचं” म्हणून सांगितलं. ते तिला पटलं नाही. नवऱ्याचा चेहरा वाचायला बाईला चष्मा लागत नाही. मी तर बाई घाबरूनच गेले. माझ्या लहानपणी आमच्या चाळीच्या मालकानं शेजारच्या बिऱ्हाडावर केस टाकली होती, ती मी लग्न होऊन सासरी गेले तरी चालूच होती! मुंबईच्या १९४७ च्या भाडेकायद्यानं भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून ठेवलेली, त्यामुळे भाडेकरू हलायचा नाही आणि मालक डागडुजी करायचा नाही. पागडी देऊन आलेलं बिऱ्हाड तीन पिढ्या तिथेच. कोर्टकचेरी म्हणजे वर्षानुवर्षं, हे मला ठाऊक. पण अठ्ठावीस दिवस? ओल्या बाळंतिणीला घेऊन?

लेकीनं बाळ माझ्याकडे दिलं, ई-मेल वाचली, भाड्याचा करार काढला आणि शांतपणे म्हणाली, “आई, आपण इथे दोन वर्षं राहतोय. अठ्ठावीस दिवस कसे होतील?”

तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सल्ला देणाऱ्या मोफत केंद्रावर फोन केला. सिटिझन्स ॲडव्हाइस ब्यूरो ब्रिटनभर गावोगाव असतात, तिथे पैसे घेत नाहीत. पलीकडच्या बाईंनी सांगितलं ते असं. स्कॉटलंडात १ डिसेंबर २०१७ पासून नव्या धर्तीचा भाडेकरार आहे. त्याला मुदतच नसते. अकरा महिने नाहीत, एक वर्ष नाही. भाडेकरूला जायचं असेल तर त्यानं अठ्ठावीस दिवस आधी कळवायचं. मालकाला मात्र घर परत हवं असेल तर कायद्यानं ठरवून दिलेल्या अठरा कारणांपैकी एखादं द्यावं लागतं: विकायचंय, स्वतः राहायला यायचंय, भाडं थकलंय, अशी. विकण्याचं कारण असेल आणि भाडेकरू सहा महिन्यांपेक्षा जास्त राहत असेल तर नोटीस चौऱ्याऐंशी दिवसांची लागते. आणि नोटीस संपली म्हणून कुणी तुमचं सामान जिन्यात काढू शकत नाही. तुम्ही गेला नाहीत तर मालकानं ट्रायब्युनलकडे जायचं आणि ट्रायब्युनलनं बघायचं की ह्या माणसांना ह्या वेळी काढणं रास्त आहे का. तिथे अर्जाला फी नाही.

लेकीनं तेवढंच नम्रपणे एजंटला लिहून कळवलं. आठवड्यानं दुसरी नोटीस आली, चौऱ्याऐंशी दिवसांची. माफी वगैरे काही नाही, हं! फक्त नवी तारीख. मला वाटतं, निम्म्या घरांत पहिल्याच नोटिशीला माणसं बांधाबांध करत असतील.

घरमालकाबद्दल मात्र मला राग धरता आला नाही. तो एकदा येऊन गेला. चाळिशीचा माणूस, लग्नाआधी हा फ्लॅट घेतलेला, लग्नानंतर मोठं घर घेतलं आणि हा भाड्यानं दिला. कर्जाचा हप्ता वाढत गेला. बाळाला बघून त्याचा चेहरा उतरला. “मला ठाऊक नव्हतं,” एवढंच म्हणाला. एजंटनं त्याला सांगितलंच नव्हतं म्हणे. मी चहा केला. चहा पिऊन, जिन्यात उतरताना त्यानं बुटांचा आवाज होऊ नये म्हणून जपून पावलं टाकली, ते मी दारातून बघितलं.

त्याच क्लोजमध्ये तळमजल्यावर एक आजीबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, “कशी आहेस, हेन?” हेन म्हणजे कोंबडी! मी जरा दचकलेच. लेक म्हणाली, “आई, हे इथलं ‘बाळा’ आहे.” मग मीही रोज जाता-येता त्यांच्या दाराशी थांबायला लागले. आजीबाईही भाड्यानंच राहतात. पण त्यांचा फ्लॅट हाउसिंग असोसिएशनचा. म्हणजे नफ्यासाठी नाही तर माणसांना जागा मिळावी म्हणून चालणारी संस्था. त्यांचं भाडं लेकीच्या भाड्याच्या मानानं फारच कमी, आणि भाडं भरत आहेत, नीट राहत आहेत तोवर जागा सोडायची चिंता नाही. एकाच जिन्यात, एकाच दगडाच्या भिंतीत दोन बिऱ्हाडं. एकीला मरेपर्यंतची खात्री, दुसरीला चौऱ्याऐंशी दिवस! अशी जागा मिळवायला यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. ग्लासगो महापालिकेनं २००३ साली आपली सगळी, ऐंशी हजारांच्या आसपास, भाड्याची घरं एका हाउसिंग असोसिएशनकडे सोपवली. म्हणजे आता तिथे महापालिका घरमालक राहिलेली नाही.

आजीबाई जन्मानं नदीपलीकडच्या गोवानच्या. लहानपणी त्या ‘सिंगल-एंड’मध्ये वाढल्या. सिंगल-एंड म्हणजे सगळं घर मिळून एक खोली. त्याहून बरी परिस्थिती असली तर ‘रूम अँड किचन’. मी हसलेच. मुंबईत आमच्या जागेला तोच शब्द होता, रूम-किचन! संडास जिन्याच्या वळणावर, तीन-चार बिऱ्हाडांत एक. भिंतीत खोबण करून तिथे पलंग बसवलेला, त्यात आई-वडील आणि धाकटी भावंडं. कपडे धुवायला सार्वजनिक धुण्याघरात जायचं, त्याला ‘स्टीमी’ म्हणत. तिथे गरम पाणी, वाफ आणि सगळ्या वस्तीच्या बातम्या. जिना धुण्याची पाळी बिऱ्हाडागणिक ठरलेली असे. पाळी आली की दारावर पाटी लटके. आणि पायऱ्या धुऊन झाल्या की बायका पांढऱ्या मातीच्या कांडीनं पायऱ्यांच्या कडांना रेघा ओढत, वेलबुट्टी काढत. मी म्हटलं, “अहो, ही तर रांगोळी!” फोनवर त्यांना आमच्या दारची रांगोळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि विचारलं, “आणि ही पुसली जात नाही?” मी म्हटलं, रोज पुसायची आणि रोज काढायची. तेव्हा मान हलवून म्हणाल्या, “आमचीही तशीच.”

मेरी बार्बरचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं.

नदीवर सप्टेंबर २०२४ मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी नवा पूल झाला आहे, पार्टिक ते गोवान. एरवी भुयारी रेल्वेनं एकच स्टेशन. ही रेल्वे १८९६ सालची, बुटकीशी, केशरी रंगाची, गोल गोल फिरत राहणारी. एका दुपारी पाऊस थांबला होता, लेक झोपली होती, मी नातीला बाबागाडीत घातलं आणि पुलावरून पलीकडे गेले. (बाबागाडी दोन जिने उतरवायला जावई होता. चढवताना आजीबाईंनी कुणालातरी हाक मारली.) गोवान स्टेशनाजवळ चौकात तो पुतळा आहे. साधी टोपी घातलेली, पुढे पाऊल टाकलेली मध्यमवयीन बाई, आणि तिच्या मागे माणसांची रांग. ८ मार्च २०१८ ला, महिलादिनी, बसवला.

गोष्ट १९१५ सालची. पहिलं महायुद्ध चालू होतं. क्लाइड नदीकाठच्या गोद्यांमध्ये आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला हजारोंनी माणसं आली, जागेची टंचाई झाली आणि मालकांनी भाडी वाढवली. पुष्कळांचे नवरे लढाईवर गेलेले. भाडं द्यायची ती घरातली बाई, आणि वसूल करायला येई तो ‘फॅक्टर’, म्हणजे मालकाचा कारभारी. बायकांनी ठरवलं, जुनं भाडं देऊ, वाढीव देणार नाही. खिडक्या-खिडक्यांत पाट्या लागल्या, आम्ही जागा सोडणार नाही. जप्तीवाले येताहेत असं दिसलं की क्लोजमध्ये बसलेली बाई घंटा वाजवी, आणि मग स्वयंपाकघरांतून, धुण्याघरांतून बायका धावत. हातात जे असेल ते घेऊन. पिठाच्या पुड्या, ओली धुणी. जप्तीवाल्याच्या काळ्या कोटावर पीठ आणि वर ओला टॉवेल, मला हे चित्र फारच आवडलं. जप्तीवाला वर पोचेचना. नोव्हेंबरापर्यंत सुमारे वीस हजार बिऱ्हाडं संपात उतरली. १७ नोव्हेंबरला अठरा भाडेकरूंना कोर्टात उभं करायचं होतं, त्या दिवशी हजारो माणसं कोर्टावर चालून गेली आणि गोदीकामगारांनी काम सोडलं. लढाईच्या दिवसांत गोद्या थांबणं सरकारला परवडण्यासारखं नव्हतं. महिन्या-दीड महिन्यात पार्लमेंटनं कायदा केला आणि सगळ्या ब्रिटनमध्ये छोट्या घरांची भाडी लढाई सुरू झाली तेव्हाच्या, ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली.

तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबईतही युद्धकाळाचा भाडेनियंत्रण कायदा झाला. पुढे १९४७ चा, आणि मग १९९९ चा महाराष्ट्राचा. आमच्या गिरगावच्या खोलीचं भाडं वर्षानुवर्षं तेच राहिलं, त्या गोष्टीची सुरुवात अशी कुठल्या कुठे, पिठाच्या पुड्या फेकणाऱ्या बायकांपर्यंत जाऊन पोचते, हे मला साठीच्या पुढे, बाबागाडीची दांडी धरून उभी असताना कळलं. मेरी बार्बर पुढे १९२० साली ग्लासगो महापालिकेत निवडून गेली, तिथल्या पहिल्या स्त्री सभासदांपैकी एक. बायकांसाठी संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढण्यातही ती पुढे होती.

घरं बघणं मे महिन्यात सुरू झालं. ते काय वर्णन करू! एका फ्लॅटसाठी पंधरा मिनिटांची वेळ, आणि जिन्यात आमच्याआधी अकरा माणसं. एजंट दारात उभा, सगळे चपला... नव्हे, बूट घालूनच आत. कपाटं उघडायची, नळ सोडून बघायचा, भिंतीला हात लावायचा. मी तिथे एक काम आपल्याकडे घेतलं, वास घ्यायचं. ओलीचा वास लपत नाही. एका घरात बेडरूमला ताजा रंग दिलेला होता, फक्त एकाच भिंतीला, आणि कपाट त्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी कपाटामागे हात घातला तर बोटं काळी झाली. एजंट म्हणाला, भाडेकरू खिडक्या उघडत नाहीत. आता हे अर्धं खरं असतं, म्हणून तर ते बोलायला सोपं जातं. दगडी भिंत थंड, घरात माणसांचा श्वास, भाताची वाफ, पुलीवर ओली दुपटी. ते सगळं पाणी थंड भिंतीवर जाऊन बसतं. म्हणून शिजवताना झाकण ठेवावं, अंघोळीनंतर दहा मिनिटं खिडकी उघडी टाकावी, बाहेर कितीही गारठा असो, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. पण छपराची पन्हळ गळत असेल तर झाकण ठेवून काय होणार? ते मालकानंच बघायचं. भिंत कोरडी आणि घर राहण्याजोगं ठेवणं स्कॉटलंडात मालकावर कायद्यानं आहे.

मग कागदपत्रं. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचा तक्ता, आधीच्या मालकाचं पत्र. नव्यानं आलेल्या मुलामुलींना ब्रिटनमध्ये राहणारा जामीन मागतात. तो कुठून आणायचा? मग काही महिन्यांचं भाडं आगाऊ दे म्हणतात. शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधीच लक्षात ठेवावं. स्कॉटलंडात सहा महिन्यांपेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही, डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि एजंटची फी भाडेकरूकडून घेताच येत नाही. कुणी मागितली तर तिथून उठावं. मालकाचं नाव सरकारी नोंदवहीत आहे की नाही ते कुणालाही बघता येतं. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, निदान भरवशाच्या कुणाला बघायला लावल्याशिवाय, पुण्या-मुंबईहून पैसे पाठवू नयेत. फसवणारे तिथेही आहेत.

भाड्याशिवाय कौन्सिल टॅक्स वेगळा, पाण्याचा आकार त्यातच धरलेला. पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना कौन्सिल टॅक्स माफ असतो, पण घरात एक जण जरी नोकरी करणारा असला की बिल येतं.

जावयाचा एक मित्र इंग्लंडात, लेस्टरला. त्याचा अनुभव वेगळा, कारण ब्रिटन म्हटलं तरी इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड ह्यांचे घरभाड्याचे कायदे निरनिराळे. इंग्लंडात १९८८ च्या कायद्यापासून मालक काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर मागू शकत असे. त्या मित्राला पाच वर्षांत तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं, मुलाची शाळा दोनदा बदलली. भाडी वेळेवर दिलेली, भांडण नाही, तंटा नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथे नवा कायदा मंजूर झाला, त्यानं ही बिनकारणाची नोटीस १ मे २०२६ पासून बंद केली. इंग्लंडात घर भाड्यानं देण्याआधी मालकाला भाडेकरूचे व्हिसाचे कागदही तपासावे लागतात, २०१६ पासून. स्कॉटलंडात ती अट नाही.

ह्या सगळ्या धावपळीत एक दिवस मी एकटीच शहरातलं एक घर बघून आले, भाड्यानं घ्यायला नव्हे. बक्लू स्ट्रीटवर, १४५ नंबरला, चढावरच्या एका टेनेमेंटमध्ये. ‘टेनेमेंट हाउस’ म्हणून ते आता नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडनं जपून ठेवलं आहे. राजाचा वाडा नाही, कवीचं घर नाही. ॲग्नेस टोवर्ड नावाच्या एका शॉर्टहँड टायपिस्ट बाईंचं भाड्याचं बिऱ्हाड. १९११ साली त्या विधवा आईबरोबर इथे राहायला आल्या. आई शिवणकाम करायची आणि भाडं परवडावं म्हणून आपल्याच भाड्याच्या जागेत पोटभाडेकरू ठेवायची. आई १९३९ साली गेली. ॲग्नेसबाईंनी लग्न केलं नाही. १९६५ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं, त्या ह्याच चार खोल्यांत राहिल्या. बाहेर दोन महायुद्धं होऊन गेली. घरात गॅसचे दिवे होते ते १९६० पर्यंत. आणि बाईंनी काही म्हणून टाकलं नाही! बिलं, पावत्या, पत्रं, पाककृतींची कात्रणं. १९२९ साली केलेल्या प्लमच्या जॅमची बरणी तिथे अजून आहे, आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. कोळशाची चूल, भिंतीतला पलंग, आणि छताला पुली.

मी तिथे खुर्चीवर बसून राहिले. (बसायची खुर्ची वेगळी ठेवलेली असते, बाईंच्या खुर्चीवर बसू देत नाहीत.) चोपन्न वर्षं ज्या भिंतीला आपण पुसलं, त्या भिंतीत एक वीट आपली नाही. आणि तरी ते घर दुसऱ्या कुणाचं आहे असं वाटत नव्हतं.

जूनअखेर घर मिळालं. मालकीणबाई स्वतःच दाखवायला आल्या होत्या, मधे एजंट नाही. बाळ बघून कपाळाला आठी पडली नाही, हे पहिलं. भाडं आधीपेक्षा सव्वाशे पौंडांनी जास्त. जुनं घर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सोडलं.

आणि मग डिपॉझिट. अकराशे पौंड. ते मालकाकडे नसतंच. सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, घेतल्यापासून कामाच्या तीस दिवसांत. घर सोडल्यावर एजंटनं मागणी लावली, दोनशे चाळीस पौंड कापा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हळदीचा डाग, भिंतीला खिळ्यांची भोकं, ओव्हन अस्वच्छ.

हळदीचा डाग माझा होता. बाळंतिणीचं तेल करताना वाटी कलंडली. पांढऱ्या ओट्यावर मी खायचा सोडा लावला, लिंबू लावलं, रात्रभर लेप ठेवला. पिवळी सावली राहिलीच. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, हे आपण सगळ्या जाणतो. पण ओटा उन्हात कसा नेणार? आणि ग्लासगोत ऊन?

लेकीनं योजनेकडे तक्रार घातली. त्यालाही पैसे पडत नाहीत. एक तटस्थ माणूस दोन्ही बाजूंचे कागद बघून ठरवतो. तिच्याकडे राहायला आल्या दिवशीचे फोटो होते, खोलीगणिक, कपाटाच्या आतले सुद्धा, मीटरच्या आकड्यांचे सुद्धा. त्यात भिंतीवरची भोकं दिसत होती, ती आधीच्या भाडेकरूची. ओव्हन स्वच्छ होता त्याचा जातानाचा फोटो होता. हळदीचा डाग तिनं कबूल केला. ती आकडे मांडत होती, आणि मी नातीला पायांवर घेऊन तेल लावत होते, आणि मला काही सुचेनासं झालं.

कारण मी स्वतः घरमालकीण आहे. वारज्याला आमचा एक छोटा फ्लॅट आहे, लीव्ह अँड लायसन्सवर देतो, अकरा-अकरा महिन्यांच्या करारानं. तीन वर्षांपूर्वी तिथे दोन मुली राहत होत्या, नोकरी करणाऱ्या. घर सोडताना मी भिंती बघितल्या आणि खिळ्यांच्या भोकांचे म्हणून पाच हजार कापून घेतले. मुलगी म्हणाली, “काकू, त्यातले निम्मे आधीचे होते.” माझ्याकडे फोटो नव्हते, तिच्याकडेही नव्हते. मी म्हटलं, “असू दे, रंग तर द्यावाच लागणार.” रंग मी तसाही देणार होते. तिसऱ्या माणसाकडे जायचं कुठे, हा प्रश्न तिला पडला असेल, मला पडला नव्हता.

ग्लासगोचा निकाल ऑगस्टच्या शेवटी आला. हळदीच्या डागाबद्दल पस्तीस पौंड, ओटा काही नवा नव्हता हे धरून. खिळे नाहीत, ओव्हन नाही. बाकीचे पैसे लेकीच्या खात्यात जमा झाले. एजंटचं पुढे काही आलं नाही.

सप्टेंबरात परत आले. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “तेव्हा मी म्हणत होतो.” काही म्हणत नव्हते! शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते, मला पक्कं आठवतं. असो. त्या मुलीचा नंबर फोनमध्ये होता. पैसे पाठवले. संध्याकाळी तिचा मेसेज आला, “काकू, हे कसले पैसे?” मी लिहिलं, “खिळ्यांचे.” त्यावर बराच वेळ काही आलं नाही, मग एक हात जोडल्याची खूण आली.

आता फ्लॅट नव्या कुणाला द्यायचा झाला की मी आणि भाडेकरू मिळून खोली-खोली हिंडून फोटो काढतो आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवतो. हे ह्याला माझं विलायती खूळ म्हणतात.

लेकीच्या नव्या घराचा पत्ता आता ‘१/२’ आहे, म्हणजे एक जिना कमी. पुली नाही. दुपटी घडीच्या स्टँडवर वाळतात आणि बाथरूमची खिडकी सारखी उघडी ठेवावी लागते. जुन्या क्लोजमधल्या आजीबाई महिन्यातून एकदा बसनं येतात, नातीला ‘हेन’ म्हणतात, आणि चहाबरोबर थोडा चिवडा पुडीत बांधून घेऊन जातात.